कोलूला आलेली पाहुणी

हे मी मराठीत लिहिते आहे याचं एक कारण असं की तंजावुरात देवनागरी वाचणारं माणूस आता शोधूनच काढावं लागेल. ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे ते घरात मराठी बोलतात, पण वाचतात तमिळ नाहीतर इंग्रजी. त्यांच्या हाती हे पडलं तरी त्यांना कळायचं नाही, आणि त्यांच्याशी भांडायची ताकद आता माझ्यात उरलेली नाही. निवृत्त झाल्यावर मुलाकडे पुण्याला आले म्हणून माझी लिहायची मराठी इथल्यासारखी झाली. बोलताना अजून तंजावूर बाहेर येतंच, आणि मंडईतल्या बायका हसतात.

आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी आशा धरून वाचत बसायला नको. त्या मुलीचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. मी विचारलं, पत्र पाठवलं, त्या बाजूला जाणाऱ्या माणसांना निरोप दिले. काही कळलं नाही. ती आज कुठेतरी असेल तर तिशी उलटून गेली असेल. मला आठवते ती मात्र नऊ वर्षांची, दोन वेण्या घट्ट वर बांधलेली.

मी तंजावुरातल्या मुलींच्या एका शाळेत चौथीला शिकवत होते. नव्वद साल उलटून काही वर्षं झाली होती. गावात घराघरावर केबलच्या तारा लोंबायला लागल्या होत्या, दर कोपऱ्यावर एसटीडी बूथ निघालं होतं, आणि बँकेत नोकरी असलेल्या घरांत रंगीत टीव्ही आणि मिक्सर ही साधी गोष्ट झाली होती. ही मुलगी अशाच घरातली होती. वडील बँकेत अधिकारी. घर आमच्याच लोकांतलं. आमचे लोक म्हणजे मराठी राजांबरोबर तिकडे गेलेली आणि तिकडचीच झालेली घरं. आम्ही मूठभरच, त्यामुळे कोण कुणाचं कोण लागतं हे मोजत बसायची सोय नव्हती, सगळे सगळ्यांचे काही ना काही लागायचे. मुलीची आई माझ्या नवऱ्याच्या मावसबहिणीची धाकटी जाऊ. मला ती अक्का म्हणायची. बाई हुशार, देखणी, आवाज गोड. तिच्या थोरल्या मुलीने शाळेत गाण्याची सगळी बक्षिसं घेतली होती. धाकटीबद्दल कुणी काही बोलायचं नाही.

धाकटी माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायची. गणित बरं, अक्षर वाईट, आणि एकदा मान खाली घातली की वर करायची नाही. एका सकाळी मी फळ्यावर भागाकार लिहीत होते आणि वळून पाहिलं तर सगळा वर्ग बसलेला आणि ही उभी. मी म्हटलं, बस. ती तमिळमध्ये म्हणाली, “मी उभीच राहते, टीचर.” मी पुन्हा सांगितलं. ती उभीच. माझा स्वभाव तापट आहे, आणि मला वाटलं ही माझ्याशी हट्ट करते. मधल्या सुट्टीत मी तिला व्हरांड्याच्या टोकाला नेलं, तिथे पाण्याच्या टाकीमागे कुणी येत नाही. चांगली खरडपट्टी काढायच्या तयारीने मी उभी राहिले, आणि तिने माझ्याकडे पाठ करून स्कर्टची कड जराशी वर उचलली.

गुडघ्याच्या मागे, थोडं वर, दोन्ही पायांवर. एक डाग जुना, काळपट. एक ताजा, ओला. आकार पळीच्या वाटीचा होता, तो ओळखायला काही शिक्षण लागत नाही.

मी मराठीत विचारलं. मराठीत बोललं की शाळेत आजूबाजूला कुणाला कळत नसे.

“काय झालं गे हें?”

“चूडु.”

चूडु म्हणजे चटका, तापवलेल्या पळीचा.

“कोण घातलं?”

“आई. मीं अंथरूण ओलें करितें ना, म्हणून.”

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या भागात अंथरूण ओलं करणाऱ्या मुलाला पळी गरम करून नुसती दाखवायची, जुन्या बायका ती कातडीजवळ नेऊन मागे घ्यायच्या, आणि म्हणायच्या, आता भीतीने सवय जाईल. अनेक घरांत हे औषध समजलं जायचं. पुढे मी जिथे जिथे तोंड उघडलं तिथे हेच मला ऐकवलं गेलं: औषध आहे ते. पण दाखवलेली पळी डाग ठेवत नाही. मी तिला डबा कुठे आहे विचारलं. डबा नव्हता. ओलं केलं त्या दिवशी जेवण नाही, आणि रात्री निजायचं ते मागच्या कोल्लैत, परसात, कपडे धुवायच्या दगडाशेजारी. हे सगळं तिने मला वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. रडली नाही. माझ्या डब्यातला दहीभात मी तिला दिला तर आधी तिने विचारलं, “आईला सांगाल कां?”

मी नाही म्हटलं. मग तिने इतक्या भराभर खाल्लं की मला तिच्याकडे पाहवेना.

मुख्याध्यापिकेकडे मी त्याच दुपारी गेले. ती बाई वाईट नव्हती. शाळा नीट चालवायची, मुलींना वेळेवर सुट्टी द्यायची. तिने माझं ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: “तुम्ही शाळेत एका मुलीचा स्कर्ट वर केलात?” मी सांगितलं, तिनेच केला. तर म्हणाली, “पालक म्हणतील तुम्ही केलात.” मग म्हणाली की मुलीच्या वडिलांच्या खटपटीने बँकेने शाळेला पंखे दिले आहेत, हे मला ठाऊकच असेल. “तुमचीच माणसं आहेत ना? तुमच्या भाषेत, घरात बसून, समजावा.” मी म्हटलं, डॉक्टरला दाखवू या. ती म्हणाली, पालकांना विचारल्याशिवाय कसं दाखवणार? आणि पालकांना विचारायचं तर काय विचारणार, तुम्ही भाजलंत ते आम्ही डॉक्टरला दाखवू का? हे ती थट्टेने बोलली नव्हती. तिला खरंच पेच पडला होता. डोक्यावर तो देणगीतला पंखा फिरत होता आणि मला त्याचा वारा नकोसा झाला.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो कलेक्टर कचेरीत कारकून होता. त्याने पेपर खाली ठेवला.

“आपलीं माणसें तीं,” तो म्हणाला. “कोर्टांत नेणार कां तूं त्यांना?”

“पोरीला भाजितात तीं.”

“मीं त्याच्याशीं बोलूं कां? तिच्या बापाशीं?”

बापाशी तो बोलला, किंवा बोलल्यासारखं केलं. बापाने सांगितलं की मुलीचं सगळं बायको पाहते. एवढंच. तो माणूस घरात होता की नव्हता हे मला कधी कळलं नाही. त्या आठवड्यात मुलगी दोन दिवस आली नाही, आणि आली तेव्हा जास्तच गप्प झाली होती. मी नवऱ्याशी बोलणं टाकलं. शेवटी एकदा जेवताना, मान वर न करता तो म्हणाला, “आमच्या कचेरीमागें वरच्या मजल्यावर एक बाई बसते. प्रोबेशन ऑफिसर. पोरांचीं कामें तिच्याकडे. मीं सांगितलों म्हणून सांगूं नको.” त्याच्याने तेवढंच झालं. मी ते त्याच्या नावे जमा धरते, कारण आमच्या लोकांत तेवढंही दुसऱ्या कुणाकडून झालं नाही.

प्रोबेशन ऑफिसर माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान होती, तमिळनाडूतलीच पण आणखी दक्षिणेकडची, कुरळ्या केसांची, मोपेडवरून फिरणारी. तिची खोली म्हणजे दोन कपाटं आणि मध्ये ती. बाहेरच्या बाकावर बस-स्टँडवर सापडलेली दोन मुलं बिस्किटं खात बसली होती. तिने माझं सगळं बोलणं ऐकलं, एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. मला बरं वाटलं. इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा असं माणूस भेटलं होतं जे “आईच आहे ना” असं म्हणालं नाही.

मग तिने मला तिच्या कामाची खरी हकीकत सांगितली. तिच्याकडे येतात ती मुलं रस्त्यावरची, भट्टीवरची, राइसमिलमधली, घर सोडून पळालेली. त्यांना धरून आणलं की कुणाचा फोन येत नाही. बँकेतल्या अधिकाऱ्याच्या घरातली मुलगी तिच्यासमोर अजून आली नव्हती. कायद्यात जागा होती. बालकल्याण मंडळापुढे प्रकरण ठेवता येत होतं, मंडळ मुलीला काही काळ तरी त्या घरातून बाहेर ठेवू शकत होतं. मला तेवढंच हवं होतं. काही काळ तरी.

“पण टीचर,” ती म्हणाली, “मी हवालदार घेऊन त्या घरी गेले तर संध्याकाळपर्यंत वरून फोन येईल. शेजारी म्हणतील, सोन्यासारखं घर आहे. मुलगी म्हणेल, पडले. मंडळ मला पहिलं विचारणार, तुम्ही काय पाहिलंत? आधी मला ते घर आणि ती मुलगी, त्यांना कळू न देता, एकदा पाहायला हवी.”

तिनेच मग कॅलेंडरकडे पाहिलं. चार दिवसांवर नवरात्र होतं.

“कोलू ना त्यांच्याकडे?” तिने विचारलं.

नवरात्रात तिकडे घरोघर कोलू मांडतात. पायऱ्या करून त्यावर बाहुल्या, देव, राजाराणी, लग्नाची वरात, सगळं. त्या नऊ दिवसांत कुठल्याही बाईने कोलू असलेल्या कुठल्याही घरात जावं. ओळख लागत नाही. घरच्या बाईने तिला बसवायचं, एखादं गाणं म्हणायचं किंवा म्हणायला लावायचं, हळद-कुंकू लावायचं, नारळ घातलेलं हरभऱ्याचं सुंडल द्यायचं, निघताना तांबूल द्यायचं. दारातून कुणाला परत पाठवायचं नाही, कारण देवी कुठल्या रूपाने येईल ते सांगता येत नाही. वर्षभर बंद असलेलं दार त्या दिवसांत सताड उघडं असतं. मला वाटलं, चला, सरकारी खात्यात एक तरी डोकं असलेली बाई भेटली. तिची युक्ती मला इतकी पटली की त्या दिवशी येताना मी नेहमीच्या कोपऱ्यावरून नव्हे तर मुद्दाम लांबच्या रस्त्याने, देवळाला वळसा घालून घरी आले. मला खूप दिवसांनी चालावंसं वाटत होतं.

आम्ही गेलो ती अष्टमीची संध्याकाळ. माझी शाळेतली मैत्रीण, असं सांगायचं ठरलं होतं. ऑफिसर रेशमी साडी नेसून, केसांत मोगरा माळून आली, तर मी तिला आधी ओळखलंच नाही. त्या घराच्या दारापासूनच उदबत्तीचा वास येत होता. मुलीची आई लगबगीने पुढे आली.

“या या, अक्का! किती दिवसांनीं! आणि ह्या कोण?”

मी सांगितलं. तिने तिलाही हात धरून आत नेलं.

कोलू म्हणावा तो असा. नऊ पायऱ्या, पांढरं स्वच्छ धोतर पसरलेलं, एकेक बाहुली पुसून मांडलेली. खाली वाळूत बाग केली होती, मोहरी पेरून उगवलेली हिरवळ, आरशाचं तळं, आणि एका कोपऱ्यात काड्यापेटीचं घर करून त्यावर वाटीएवढी डिश अँटेना. बायका त्या अँटेनाकडे बोट दाखवून हसत होत्या. मी हिला शोधत होते.

ती पाटावर बसलेली होती. गल्लीतल्या आणखी मुलींबरोबर, ओळीत. त्या दिवशी कुमारिकापूजन होतं. हिरवी पट्टुपावाडै, म्हणजे रेशमी परकर, घोट्यापर्यंत आलेला, जरीचा काठ, केसांत फुलं, कपाळाला चंदन, हातांत बांगड्या. जी मुलगी मला रोज मळकी, चुरगळलेली दिसायची ती देवीच्या मूर्तीसारखी सजली होती. तिने मला पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरची एकही रेघ हलली नाही.

आई प्रत्येक मुलीपुढे बसून ताम्हनात तिचे पाय धूत होती, पुसत होती, हळद लावत होती. स्वतःच्या मुलीपाशी आली तेव्हा खोलीतल्या बायका गप्प झाल्या. आई मुलीच्या पाया पडते, हे पाहायला सगळ्यांना आवडतं. तिने मुलीची टाच हातात घेतली तेव्हा मुलीची पावलं आखडली. बोटं आत वळली, गच्च. गुडघे एकमेकांना चिकटले. आईने पाय धुतले, हळदीचं बोट ओढलं, परकराची कड नीट खाली केली, आणि वाकून कपाळ त्या पावलांवर टेकवलं. उठली तेव्हा तिचे डोळे भरले होते. ते खोटं नव्हतं. खोटं असतं तर मी तिला समजू शकले असते, आणि त्या खरेपणाचाच मला आजही सर्वांत जास्त राग येतो.

नंतर ऑफिसरने मुलीला जवळ बोलावून, सगळ्या बायकांसमोर विचारायचं तसं, हसत विचारलं, “काय गं, जेवलीस का? घरात तुला सगळ्यांत कोण आवडतं?”

“अम्मा,” मुलगी म्हणाली.

बायका खूश झाल्या. कुणीतरी तिला गायला सांगितलं आणि ती गायली, सबंध, एकही ओळ न चुकता. आम्हाला सुंडल मिळालं. तांबूल मिळालं, त्यात ब्लाउजपीस, फणी, आरसा. निघताना आईने ऑफिसरला म्हटलं, पुढच्या वर्षीही नक्की या.

मोपेडपाशी आल्यावर मी म्हटलं, “पावलं पाहिलीत?”

“पाहिली,” ती म्हणाली.

“मग?”

“मग काय लिहू, टीचर? की आईने पाय धुतले तेव्हा मुलीने बोटं आखडली?” तिचा आवाज चिडका होता, पण माझ्यावर चिडलेला नव्हता. “घर स्वच्छ. मुलगी नटलेली. पोटभर खाल्लेली. गाते. आई तिच्या पाया पडते. मी आत जाऊन हे पाहिलं आहे, आता हे मला लिहावंच लागेल. पाहिलंच नसतं तर बरं झालं असतं.”

आम्ही दोघी त्याच मातीतल्या. लहानपणापासून कोलूला जात आलेल्या. दार उघडं मिळेल एवढंच आम्ही पाहिलं. त्या नऊ दिवसांत बाहुल्यांबरोबर घरातली पोरंही घासूनपुसून, नटवून मांडतात, हे तंजावुरातल्या कुठल्याही बाईला सांगायची गरज नाही, आणि नेमकं तेच आम्हा दोघींच्या डोक्यात आलं नाही. परक्या मुलखातली एखादी बाई त्या खुर्चीवर असती तर ती साध्या मंगळवारी, दुपारी, मागच्या दाराने गेली असती. याचा विचार करून करून मी माझं डोकं फिरवून घेतलं आहे. आता करत नाही.

मंडळापुढे प्रकरण गेलं, हेही सांगायला हवं. मला बोलावलं होतं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. मॅजिस्ट्रेट आणि दोन मानद सभासद, एक वयस्कर गृहस्थ आणि एक बाई. तिघंही सभ्यपणे बोलले. ऑफिसरचा अहवाल वाचून दाखवला. घराचं वर्णन होतं, कुमारिकापूजन होतं, गाणं होतं. शेवटी तिने स्वतःहून एक वाक्य घातलं होतं की मुलगी आईला फार घाबरते असं वाटतं.

“वाटतं म्हणजे?” मॅजिस्ट्रेटने विचारलं.

ऑफिसर उठून उभी राहिली आणि तिने पावलांचं सांगितलं. तसं सांगून पाहा, कुणालाही. तोंडातून बाहेर पडताच त्या गोष्टीत काही उरत नाही. सभासद बाई हसून म्हणाली, गुदगुल्या झाल्या असतील. मी डागांचं सांगितलं. मुख्याध्यापिकेचं काही लेखी आहे का? नाही. डॉक्टरांचं? नाही. वयस्कर सभासद मला समजावू लागले की आमच्या भागात चूडु हा एक घरगुती उपाय असे, त्यांच्याही लहानपणी. मला त्या माणसाच्या अंगावर ओरडावंसं वाटलं, आणि मी ओरडले. “साहेब, तुमच्या पायांवर डाग आहेत का?” असं मी मोठ्याने विचारलं. खोलीत सगळे माझ्याकडे पाहू लागले आणि त्या क्षणी प्रकरण माझ्या स्वभावाचं झालं. घरगुती भांडण आहे का, नात्यातलं काही वैर आहे का, हे मला विचारण्यात आलं. ऑफिसरने महिन्याभराने पुन्हा भेट द्यावी, या वेळी रीतसर, असा आदेश झाला.

महिना जावाही लागला नाही. तंजावूर केवढंसं. अष्टमीला तिथे आलेल्या एका बाईचा दीर कचेरीतलाच निघाला, आणि मोगरा माळलेली ती पाहुणी कोण होती हे दिवाळीच्या आत सगळ्या घरांत पोचलं. मग आमचे लोक पेटून उठले. मला अजून हसू येतं आणि त्या हसण्याची लाज वाटते. पोर भाजली याने ज्यांना काही झालं नव्हतं, त्यांची कोलूच्या नावाने झोप उडाली. देवीसमोर वेषांतर करून सरकारी बाई आणली! ज्या घरचं कुंकू लावलं त्याच घरावर! मावसनणंद माझ्या दारात उभी राहून म्हणाली, “तूं त्यांच्या घरचें तांबूल घेतलीस कीं नाहीं? मग?” मी म्हटलं, “तिचे पाय बघ जा आधीं.” ती म्हणाली, “तें निराळें.” सगळ्यांचं हेच म्हणणं होतं. ते निराळं, हे निराळं. पुढल्या वर्षीपासून कोलूला आम्हाला कुणी बोलावलं नाही. बोलावणं लागत नाही असा रिवाज असूनही माझी कुणाच्या दारात पाय ठेवायची इच्छा राहिली नाही. नवऱ्याला याचा त्रास झाला, मला नाही. माझा त्रास वेगळ्या जागी होता.

वर्गात मुलगी आता बसत होती. याचा अर्थ मी बरा लावून घ्यायचा प्रयत्न केला. तिला टाकीमागे बोलावलं तर ती यायची नाही. डबा रोज आणायची, भरलेला, आणि तो माझ्याकडे पाहत पाहत संपवायची, कुणीतरी तसं सांगितल्यासारखी. दंडावर एकदा पट्टी दिसली. विचारलं तर म्हणाली, “पडलें.” मी मोपेडवाल्या बाईकडे पुन्हा गेले. तिने रीतसर भेटीची तारीख लावून घेतली होती, कागद तयार होता, या वेळी डॉक्टर बरोबर नेणार होती. मी तिला म्हटलं, उद्याच जा. ती म्हणाली, आदेशात तारीख आहे, टीचर, आधी गेले तर तेच धरून ते माझा अहवाल बाद करतील. तिची बाजू मला कळत होती, आणि कळून काही उपयोग नव्हता.

त्या तारखेआधीच वडिलांनी बदली करून घेतली. लोक तंजावूर सोडायला नको म्हणून बदल्या रद्द करून घेतात, यांनी मागून घेतली, पार कर्नाटकच्या उत्तरेला. तिथलं मंडळ वेगळं, जिल्हा वेगळा, राज्य वेगळं. ऑफिसरने तिकडे कागद पाठवला असं ती मला म्हणाली. पाठवला असेल. ती खोटं बोलणारी नव्हती.

शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आई स्वतः आली. मुख्याध्यापिकेच्या खोलीत तिचं हसणं मला माझ्या वर्गापर्यंत ऐकू येत होतं. मी मुलींना पाढे लिहायला दिले आणि बाहेर आले. मुलगी व्हरांड्यात खांबाला टेकून एकटीच उभी होती. घरचे कपडे, पायांत नव्या चपला. मला पाहून तिने खोलीच्या दाराकडे एकदा नजर टाकली आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, स्वतःहून माझ्याजवळ आली.

“टीचर,” ती मराठीत, अगदी हळू म्हणाली, “ती कोलूची मॅडम मजला न्यायला आली होती, होय कीं?”

“कोण सांगितलं तुला?”

“आई सांगितली. ती वाईट मुलींस धरून नेते. तिथें कोंडून ठेवितात, आई कधींच दिसत नाहीं.” आणि मग, “मीं त्या दिवशीं चांगली राहिलें. म्हणून नेली नाहीं.”

तिने माझ्या पदराचं टोक बोटांत धरलं.

“आणि तुम्हीं होतां तिच्याबरोबर. तुम्हींच सांगितलां ना तिला, हिला नेऊं नको म्हणून?”

ती माझ्या तोंडाकडे पाहत उत्तराची वाट बघत होती. त्या घरात, त्या दूरच्या गावी, एका मोठ्या माणसाने आपली बाजू घेतली होती एवढंच तिच्याजवळ असणार होतं.

“होय,” मी म्हटलं. “मींच सांगितलें.”

तिचा चेहरा खुलला. आतून आईने हाक मारली, आणि ती धावत गेली.